सॅकचा पट्टा उसवला म्हणून सॅक टाकू नका

सध्या एक मेसेज फिरतोय की सॅकची चेन गेली, पट्टा उसवला किंवा आतलं पाणी अडवणारं कोटिंग चिकट झालं की सॅक संपली, घरची दुरुस्ती टिकत नाही, सरळ नवी घ्या. वाचून खरंच वाईट वाटलं, कारण याच्यावर विश्वास ठेवून लोक चांगल्या सॅका टाकून देतायत.

चेन मागून उघडायला लागली की दात गेले म्हणतात. बहुतेक वेळा दात धडधाकट असतात, रनर, म्हणजे चेन उघडबंद करायला आपण ओढतो तो तुकडा, झिजून सैल झालेला असतो. पक्कडीने त्याच्या दोन्ही कडा आलटून पालटून अगदी हलक्या दाबायच्या आणि दर वेळी चालवून बघायचं, जोर लावलात तर रनरच तुटेल. तरी नाही जमलं तर नुसता रनर बदला, त्याच्या मागे बऱ्याचदा 5, 8 किंवा 10 असा आकडा असतो, तोच आणि त्याच प्रकारच्या चेनचा घ्यायचा.

आता पट्ट्याबद्दल लोक म्हणतात ते "हाताची शिवण वजन पेलत नाही" हे. अहो फाटलेली जागा आधी नीट बघा तरी! बऱ्याचदा धागा शाबूत असतो आणि शिवणीलगतचं कापड फाटलेलं असतं, मग त्याच दमलेल्या कापडात परत टाके घातले की ते परत फाटणारच आणि बोल लागतो हाताच्या शिवणीला. माझ्या 60 लिटरच्या सॅकचा डावा पट्टा असाच निघाला होता, मी आतून जाड कापडाचं ठिगळ लावलं, फाटलेल्या जागेपेक्षा चारी बाजूंनी दोन बोटं मोठं, म्हणजे ताण पसरतो, आणि त्यावर टाक्यांचा चौकोन घालून आत टाक्यांचीच फुली मारली. धागा जाड पॉलिएस्टरचा, सुती नको, तो ओलाव्याने कुजतो. दोन सुया एकाच भोकातून समोरासमोरून काढायच्या, एक धागा तुटला तरी दुसरा धरून ठेवतो. वेळ लागतो, बोटं दुखतात, पण पट्टा अजून पक्का आहे.

कोटिंग चिकट होतं कारण त्यातलं पॉलीयुरेथेन (एक प्रकारचं प्लास्टिक) ओलाव्याने विघटित होतं. आधी कोपऱ्यात करून बघा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि ब्रशने खरवडून काढा, आणि पावसात आत एक मोठी प्लास्टिकची पिशवी घाला, झालं.

फक्त क्लाइंबिंगच्या हार्नेसला (कमरेला बांधायचा पट्टा) आणि स्लिंगला (शिवलेल्या पट्टीचा फास) घरी सुई लावू नका, तिथे शिवणीवर माणूस लटकतो, ते फाटलं की कापून टाका म्हणजे दुसरं कोणी चुकून वापरणार नाही.