ड्रायव्हर चुकला, पट्ट्या नाही

काका, नमस्कार. टीव्हीच्या जुन्या बॅकलाइटमधून, म्हणजे पडद्यामागे उजेड देणाऱ्या एलईडीच्या पट्ट्यांतून, टेबल-दिवा करायच्या माझ्या लेखावर तुम्ही दोन गोष्टी सुनावल्यात. दीडशे रुपयांत नवी पट्टी मिळत असताना भंगारात हात कशाला घालायचा, ही एक. दुसरी, ‘बंद पडलेल्या ९ वॅटच्या एलईडी बल्बचा ड्रायव्हर वापरा’ (ड्रायव्हर म्हणजे आतलं, एलईडीला वीज पुरवणारं सर्किट) असं लिहून मी पोरांच्या जिवाशी खेळतोय.

दुसरी आधी घेतो, कारण तिथे तुमचं सोळा आणे खरं आहे. स्वस्त बल्बच्या ड्रायव्हरमध्ये एलईडीला घरच्या विजेच्या लाइनपासून वेगळं ठेवणारा ट्रान्सफॉर्मर बहुधा नसतोच. वर प्लास्टिकचा घुमट असतो म्हणून बल्बात ते खपून जातं. तोच ड्रायव्हर उघड्या पट्टीला जोडला, तर सोल्डरला बोट लागणं म्हणजे २३० व्होल्टच्या लाइनला बोट लागणं. मी तसा दिवा वर्षभर वापरला आणि झटका बसला नाही; ते लाकडी टेबलाचे आणि रबरी चपलांचे उपकार. ते वाक्य काढून टाकलंय.

पण पट्ट्यांवर राग नको. टीव्हीत हे एलईडी सिरीजमध्ये, म्हणजे एकामागून एक जोडलेले असतात. एक उडाला की अख्खी माळ विझते, आवाज येत राहतो आणि पडदा काळा. दुरुस्तीवाला एकेक एलईडी शोधत बसत नाही, पट्ट्यांचा सेटच बदलतो. त्यामुळे टाकलेल्या सेटात धडधाकट एलईडी भरपूर सापडतात. त्या ड्रायव्हरऐवजी राउटरचा १२ व्होल्टचा जुना अडॅप्टर घ्या. ३ व्होल्टचे तीन एलईडी सिरीजमध्ये, म्हणजे ९ व्होल्ट. उरलेल्या ३ व्होल्टसाठी १५ ओहम, २ वॅटचा रेझिस्टर. साधारण २०० मिलीअँपिअर जातात, अभ्यासाला पुरतात. (काही पट्ट्यांत एकेक एलईडी ६ व्होल्टचा असतो. आधी मोजा, मग जोडा.)

एलईडीच्या आधीच्या मॉनिटरमधल्या बारीक काचेच्या नळ्यांना मात्र मी हात लावत नाही. त्यांत पारा असतो आणि त्या पेटवायला हजारभर किंवा जास्त व्होल्ट लागतात. त्या अख्ख्याच ई-कचऱ्यात जाऊ द्याव्यात.

दीडशे रुपयांच्या हिशेबात तुम्ही जिंकलात. फक्त नव्या पट्टीबरोबर पडद्यामागचा माल येत नाही: उजेड पसरवणारा दुधी डिफ्यूजर, प्रिझमची फिल्म आणि कडेने उजेड सोडणाऱ्या मॉनिटरमधली ॲक्रिलिकची जाड पाटी. तिच्या एका कडेला एलईडी लावले की सगळी पाटी सारखी उजळते, कुठे ठिपका दिसत नाही. आमच्याकडे त्या पाटीवर कागद ठेवून लेक मोडी अक्षरं गिरवते. तेवढी पाटी नवी घ्यायला गेलो असतो तर दीडशेत आटोपलं नसतं.

तुमच्यामुळे आणखी एक राहिलेली गोष्ट लक्षात आली. टीव्हीच्या पॉवर सप्लायमधला, वीज साठवणारा मोठा कपॅसिटर प्लग काढल्यावरही ३०० व्होल्टच्या वर भरलेला असू शकतो. हे आता लेखाच्या पहिल्याच ओळीत घातलंय. तुम्ही तो टेस्ट लॅम्प लावून रिकामा करता की रेझिस्टरने, तेवढं जरूर कळवा.