मालकाचं ते मत, खेळाडूचं ते राजकारण

आमचा पहाटेचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. सात जण, सगळे चाळिशी ओलांडलेले, सगळ्यांचे गुडघे कुरकुरणारे. ऑक्टोबर ते जून भल्या पहाटे उठून एनबीए, म्हणजे अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग बघायची आणि घरातले जागे होऊ नयेत म्हणून टीव्हीचा आवाज बंद करून ग्रुपवर बोंबलायचं, एवढंच त्या ग्रुपचं काम. परवा एकाने तिथे स्टीव्ह करचा जुना व्हिडिओ टाकला. त्यावर दुसऱ्याचं उत्तर आलं, "कोच आहे ना हा? मग कोचिंग कर म्हणावं. खेळात राजकारण कशाला?" खाली चार अंगठे.

मी उत्तर लिहायला घेतलं आणि ते लांबतच गेलं. म्हणून इथे टाकतोय. अंगठेवाल्या चौघांनाही टॅग करणार आहे.

तो व्हिडिओ २४ मे २०२२ चा. डलासमध्ये करच्या संघाची, गोल्डन स्टेट वॉरियर्सची मॅच होती, वेस्टर्न कॉन्फरन्स फायनलची चौथी. त्याच दिवशी त्याच टेक्सासमध्ये, युव्हाल्डी गावच्या शाळेत एका अठरा वर्षांच्या पोराने १९ मुलं आणि दोन शिक्षिकांना गोळ्या घातल्या. कर पत्रकारांसमोर बसला, आज बास्केटबॉलवर बोलणार नाही म्हणाला, बंदूक विकण्याआधी गिऱ्हाइकाची तपासणी करण्याचं विधेयक अडवून धरलेल्या सिनेटरांवर बरसला, टेबलावर हात आपटला आणि उठून गेला. जेमतेम तीन मिनिटं.

आता या माणसाला 'तुझा काय संबंध' विचारायचं असेल तर एक गोष्ट माहीत असलेली बरी. त्याचे वडील माल्कम कर बैरुतच्या अमेरिकन विद्यापीठाचे अध्यक्ष होते. जानेवारी १९८४ मध्ये त्यांच्या ऑफिसबाहेरच गोळ्या घालून त्यांचा खून झाला. स्टीव्ह तेव्हा अठरा वर्षांचा, ॲरिझोना विद्यापीठात पहिल्या वर्षाला. पुढे याच कॉलेजच्या एका सामन्याआधी समोरच्या संघाचे काही प्रेक्षक त्याला वडिलांच्या मरणावरून चिडवत होते. राजकारण त्याच्या खेळात त्याने आणलं नाही. ते आधीच घरात येऊन बसलं होतं.

पण करची आरती ओवाळायला मी बसलेलो नाही. त्याचंही एक प्रकरण आहे आणि त्यासाठी आपल्याला वरळीला जावं लागेल.

ऑक्टोबर २०१९. एनबीएचे भारतातले पहिलेवहिले सामने, वरळीच्या एनएससीआय डोममध्ये, इंडियाना पेसर्स विरुद्ध सॅक्रामेंटो किंग्ज. त्याआधी २२ सप्टेंबरला ह्यूस्टनच्या 'हाउडी मोदी' सभेत ट्रम्प यांनी या सामन्यांची व्यासपीठावरून जाहिरात केली होती. मला बोलावलंय का, मी येईनही हं, असं मोदींकडे बघत म्हणाले होते. तेव्हा आमच्यापैकी कुणालाही 'खेळात राजकारण कशाला' आठवलं नाही. उलट त्याची क्लिप ग्रुपवर तीनदा फिरली.

मी ५ तारखेच्या मॅचला गेलो होतो. तिकिटाचा आकडा घरी आजतागायत सांगितलेला नाही. आदल्या दिवशीचा सामना शाळेच्या मुलांसाठी राखून ठेवला होता आणि रंगला नेमका तोच. ओव्हरटाइम, १३२-१३१. आम्ही पैसे मोजणाऱ्यांच्या वाट्याला १३०-१०६ असा एकतर्फी. तरी डोळ्यांसमोर पेसर्सच्या सबोनिसला बास्केटजवळ, पोस्टमध्ये पाठ लावून उभा राहिलेला बघणं म्हणजे काय, हे टीव्हीवर कळत नाही. एवढा मोठा माणूस आणि पाय एखाद्या नर्तकासारखे.

मॅच संपवून महालक्ष्मी स्टेशनकडे चालत निघालो आणि फोन उघडला, तर वेगळाच धुरळा उडालेला. ह्यूस्टन रॉकेट्स या एनबीए संघाचा जनरल मॅनेजर डॅरिल मोरी याने ट्विटरवर एक चित्र टाकलं होतं. स्वातंत्र्यासाठी लढा, हाँगकाँगच्या पाठीशी उभे राहा, एवढाच मजकूर. हाँगकाँगमध्ये तेव्हा लोकशाहीसाठी निदर्शनं चालू होती. थोड्याच वेळात त्याने ते काढलंही. पण चीन खवळायचा तो खवळलाच. सरकारी टीव्हीने एनबीए दाखवणं थांबवलं. चिनी बास्केटबॉल संघटनेने रॉकेट्सशी नातं तोडलं आणि त्या संघटनेचा तेव्हाचा अध्यक्ष कोण, तर रॉकेट्सचाच जुना हिरो याओ मिंग. नुकसान कोट्यवधी डॉलरमध्ये गेल्याचं लीगचे कमिशनर ॲडम सिल्व्हर यांनी नंतर सांगितलं.

आणि मग एकेकाची दातखीळ बसली. लेब्रॉन जेम्स, लीगचा सगळ्यात मोठा तारा, ज्याला २०१८ मध्ये फॉक्स न्यूजच्या लॉरा इंग्रॅमने 'तोंड बंद ठेव आणि ड्रिबल कर' असं सुनावलं होतं आणि ज्याने ते अजिबात ऐकलं नाही म्हणून मी त्याचा भक्त झालो, तोच लेब्रॉन चीनहून परत आल्यावर म्हणाला की मोरीला विषयाची पुरेशी माहिती नव्हती. स्टीव्ह कर म्हणाला, प्रकरण विचित्र आहे, काय बोलावं कळत नाही. ट्रम्प यांनी लगेच करची खिल्ली उडवली, घाबरलेलं लहान पोर म्हणून. त्या एका दिवशी तरी ट्रम्प यांचा नेम बरोबर लागला होता. कर यांनी पुढे त्याबद्दल खेद व्यक्त केला, लेब्रॉनने माझ्या माहितीत तरी नाही.

अंगठेवाल्यांनो, तुमच्या हातात खरा दगड द्यायचा तर मीच देतो, तो हा. घरच्या मैदानावर वाघ आणि चीनच्या दारात शेळी.

पण त्याच प्रकरणातला एक माणूस तुम्ही विसरलात. रॉकेट्सचा मालक टिलमन फर्टिटा. मोरीच्या ट्विटनंतर त्याने तातडीने जाहीर केलं की मोरी आमच्या वतीने बोलत नाही, आमची काही राजकीय संघटना नाही. ठीक. आज हे फर्टिटासाहेब कुठे आहेत माहितीये? २०२५ मध्ये ट्रम्प सरकारने नेमलेले इटलीतले अमेरिकेचे राजदूत म्हणून रोमला गेले. राजकीय नाही म्हणे!

माझं सगळं म्हणणं खरं तर इथेच येऊन थांबतं. खेळाडूने टी-शर्टवर चार शब्द लिहिले की ते राजकारण, आणि वरच्या बॉक्समध्ये बसलेल्या मालकाने चेक फाडला की ते त्याचं वैयक्तिक मत. आपला तो बाब्या.

डलास मॅव्हरिक्स बघा. डिसेंबर २०२३ मध्ये मार्क क्यूबनने संघाचा मोठा हिस्सा मिरियम ॲडेल्सन यांच्या कुटुंबाला विकला. लास वेगास सँड्स या कॅसिनो कंपनीचा पैसा. २०२४ च्या निवडणुकीत ॲडेल्सनबाईंनी ट्रम्प यांच्या बाजूने प्रचार करणाऱ्या निधीत सुमारे दहा कोटी डॉलर ओतले. टेक्सासमध्ये कॅसिनोला कायद्याने बंदी आहे आणि ती उठावी म्हणून त्यांची कंपनी टेक्सासच्या राजधानीत, ऑस्टिनच्या विधिमंडळात जोर लावते आहे. म्हणजे लुका डॉन्चिचची जर्सी विकत घेणाऱ्या पोराचा पैसा नक्की कोणत्या खेळात गेला? (लुकाला त्यांनी पुढे लेकर्सला देऊन टाकलं, त्यावर वेगळी पोस्ट होईल, आणि ती शिवीगाळीशिवाय लिहिता येणार नाही.) ऑरलँडो मॅजिक हा संघ डीव्हॉस घराण्याचा, ॲम्वेवाले. हो, तीच ॲम्वे. त्या घरची सून बेट्सी डीव्हॉस ट्रम्प यांच्या पहिल्या सरकारात शिक्षणमंत्री. आणि दुसऱ्या बाजूचेही आहेत बरं. मिलवॉकी बक्सचे जुने मालक हर्ब कोल तर स्वतः डेमोक्रॅट सिनेटर, चोवीस वर्षं. एकाच वेळी सिनेटमध्येही आणि मैदानाच्या कडेलाही.

बरं, पक्ष सोडा. स्टेडियम कोण बांधतं? ओक्लाहोमा सिटीत डिसेंबर २०२३ मध्ये मतदान झालं. थंडर संघासाठी किमान ९० कोटी डॉलरचं नवं अरेना हवं. त्यातले मालक देणार पाच कोटी, बाकीचं मुख्यतः लोकांच्या खरेदीवरच्या एक टक्का करातून. सत्तर टक्क्यांहून जास्त लोकांनी हो म्हटलं. का म्हणणार नाहीत? ते त्याच संघाचे चाहते, ज्याला २००८ मध्ये सिएटलहून उचलून आणलं होतं. एक्केचाळीस वर्षं सिएटलमध्ये खेळलेला सुपरसॉनिक्स संघ नव्या अरेनाच्या वादात गावातून गेला. आपला संघ रातोरात दुसऱ्याचा होऊ शकतो हे ओक्लाहोमाच्या माणसापेक्षा जास्त कोणाला ठाऊक असणार? दुकानात दुधाची बाटली घेताना भरलेला तो एक टक्का म्हणजे राजकारण नाही तर काय?

मालकांमध्ये एका माणसाबद्दल मात्र माझ्या मनात हळवा कोपरा आहे, आणि तो केवळ आडनावामुळे नाही. विवेक रणदिवे. जुहूत वाढलेला मुलगा, एमआयटीत शिकला, सॉफ्टवेअरमध्ये पैसा केला आणि २०१३ मध्ये किंग्जचा मालक झाला. वरळीला किंग्ज आले त्यामागे तोच. १८ मार्च २०१८ ला सॅक्रामेंटोत पोलिसांनी स्टेफॉन क्लार्क नावाच्या बावीस वर्षांच्या कृष्णवर्णीय तरुणाला त्याच्या आजीच्या परसात गोळ्या घातल्या. हातात बंदूक समजले ते, निघाला मोबाइल. काही दिवसांनी निदर्शकांनी किंग्जच्या अरेनाची दारंच अडवली. तिकीट काढलेले हजारो लोक बाहेरच्या बाहेर परतले, सामना जवळजवळ रिकाम्या खुर्च्यांपुढे झाला. एखाद्या मालकाने बाहेरच्यांना गुंड म्हणून मोकळं व्हायला हरकत नव्हती. रणदिवे सामन्यानंतर खेळाडूंना घेऊन माइकसमोर उभे राहिले, क्लार्कच्या कुटुंबाबद्दल सहानुभूती व्यक्त केली आणि निदर्शनं करण्याचा लोकांचा हक्क मान्य केला. त्यांचं अरेनाही पंचवीस कोटी डॉलरच्या वर सरकारी मदत घेऊन उभं राहिलंय, हे मी विसरलेलो नाही. तरीही त्या संध्याकाळचं श्रेय द्यायलाच हवं.

आता मला या सगळ्यातली सगळ्यात आवडती गोष्ट सांगतो, आणि ती एनबीएची नाहीच. बायकांच्या लीगची आहे, जी आमच्या ग्रुपवर कुणी बघत नाही.

अटलांटा ड्रीम हा डब्ल्यूएनबीएचा संघ. २०२० मध्ये त्याच्या सहमालक केली लोफलर, रिपब्लिकन, जॉर्जियाच्या गव्हर्नरने सिनेटवर नेमलेल्या आणि नोव्हेंबरात निवडणुकीला उभ्या. जॉर्ज फ्लॉइडच्या खुनानंतर लीगने 'ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर'ला पाठिंबा दिला, तर बाईंनी कमिशनरला पत्र लिहून विरोध नोंदवला. खेळात राजकारण नको म्हणे! सिनेटची उमेदवार म्हणतेय हे.

खेळाडूंनी काय केलं बघा. त्यांनी तिच्याशी भांडण केलं नाही. जितकं तिचं नाव घेऊ तितकी तिची प्रसिद्धी होते, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी विरोधी उमेदवार शोधला. राफाएल वॉर्नॉक, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या चर्चचा पाद्री. त्याला व्हिडिओ कॉलवर बोलावलं, प्रश्न विचारून पारखून घेतलं. मग ४ ऑगस्टला मैदानात उतरताना काळे टी-शर्ट घातले. त्यावर दोन शब्द, 'व्होट वॉर्नॉक'. लोफलर यांचं नावही नाही. टी-शर्टची कल्पना सू बर्डची, वय ३९, लीगमधली सगळ्यात तल्लख पॉइंट गार्ड, आणि हा तिचा पासच होता, न बघता दिलेला. दुसरे संघही तेच घालून उतरले. वॉर्नॉकच्या प्रचाराला देणग्या आल्या, नाव घरोघरी पोचलं. ५ जानेवारी २०२१ च्या फेरमतदानात तो जिंकला. त्या दिवशी जॉर्जियाच्या दोन्ही जागा डेमोक्रॅटांकडे गेल्या आणि सिनेट ५०-५० झालं. दोन महिन्यांच्या आत ड्रीम संघ विकला गेला, आणि नव्या मालकांमध्ये कोण होती? रेनी माँटगोमेरी, त्याच संघाची माजी खेळाडू.

टी-शर्टने निवडणूक जिंकली असं मी म्हणत नाही. जॉर्जियात डेमोक्रॅट नेत्या स्टेसी अब्राम्स आणि कितीतरी कार्यकर्ते वर्षानुवर्षं मतदार नोंदणीसाठी दारोदार फिरत होते. पण त्याच उन्हाळ्यात एनबीएने जर्सीच्या पाठीवर लीगने मंजूर केलेल्या यादीतल्या घोषणा छापल्या होत्या, त्यातली एक तरी तुम्हाला आठवते का? मला 'व्होट वॉर्नॉक' आठवतं. मंजुरी घेऊन केलेला निषेध वरातीतल्या घोड्यासारखा, सजलेला असतो पण पळत नाही.

किंमत मोजल्याशिवाय काही होत नाही, हे जुन्यांना विचारा. क्रेग हॉजेस, शिकागो बुल्सचा तीन पॉइंटवाला. १९९१ च्या विजेतेपदानंतर व्हाइट हाउसला गेला तो दाशिकी हा आफ्रिकन झगा घालून, आणि गरिबांच्या परिस्थितीबद्दल थोरल्या बुश यांच्यासाठी पत्र घेऊन. १९९२ नंतर एकाही संघाने त्याला घेतलं नाही. महमूद अब्दुल-रौफ डेन्व्हरचा, १९९६ मध्ये राष्ट्रगीताला उभा राहिला नाही म्हणून निलंबित, आणि दोन वर्षांत लीगबाहेर. त्याच काळात माझा देव मायकेल जॉर्डन. १९९० मध्ये त्याच्या नॉर्थ कॅरोलायनात कृष्णवर्णीय डेमोक्रॅट हार्वी गँट सिनेटसाठी उभे होते रिपब्लिकन जेसी हेल्म्सविरुद्ध, म्हणजे मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नावाच्या सुट्टीला सिनेटमध्ये आडवा पडलेल्या माणसाविरुद्ध. जॉर्डनने जाहीर पाठिंबा दिला नाही. रिपब्लिकनही बूट विकत घेतात, हे त्याचं वाक्य गंमतीत म्हटल्याचं त्याने पुढे कबूल केलं. गँट हरले. जॉर्डन पुढे संघाचा मालक झाला. मी त्याचं पोस्टर काढलं नाही, पण आता त्याच्याकडे बघताना पूर्वीसारखं मोकळं वाटत नाही, एवढं खरं.

ऑक्टोबर २०२५ मध्ये एनबीए चीनच्या हद्दीत परत गेली. मकाऊला दोन सामने झाले, नेट्स विरुद्ध सन्स. नेट्सचे मालक अलिबाबाचे जो त्साय. मोरीचं नाव काढायची तिथे कुणालाही गरज वाटली नाही. आमच्या ग्रुपवरही त्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही, फक्त कोण किती फिट दिसतोय यावर चर्चा झाली. आणि खोटं कशाला बोलू, त्या चर्चेत सगळ्यात जास्त मेसेज माझेच होते.