टाकीत नेमके किती आहे?

विमानात वैमानिकासमोर जितकी उपकरणे असतात, त्यांपैकी ज्याच्याकडे पाहून वैमानिक समंजसपणे मान हलवतो आणि मग खातरजमा करण्यासाठी खाली उतरून टाकीत बुडवायची काठी हातात घेतो, असे उपकरण एकच, ते म्हणजे इंधनमापक. ही माहिती मला माझ्या साडूभाऊंनी दिली, आणि तीसुद्धा ते उपकरण तयार करण्याचे काम माझ्या गळ्यात घातल्यानंतर दिली. ज्याच्यावर विश्वास ठेवू नये असे पहिल्या धड्यापासून शिकवले जाते, ते उपकरण घडवण्यासाठी माणसाने रात्र रात्र सोल्डरिंगचा धूर नाकात घ्यावा की नाही, हा प्रश्न विचार करण्याजोगा होता. परंतु साडू या नात्यात विचार करण्याची सोय नसते. दोन सख्ख्या बहिणी जे ठरवतात, त्याची अंमलबजावणी करणे एवढेच दोघांच्या नवऱ्यांच्या हाती असते.

साडूभाऊंनी भोसरीतल्या कारखान्यात आयुष्य काढले आणि निवृत्तीनंतर, इतर लोक ज्या वयात गुडघ्याचा डॉक्टर निश्चित करतात त्या वयात, शिवण्याला एक शेड भाड्याने घेऊन त्यात दोन आसनांच्या विमानाचे सुटे भाग मांडले. उडण्याची हौस त्यांना हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरवर लागली. तिथल्या ग्लायडरला इंजिन नसते, त्यामुळे पेट्रोल नसते आणि त्यामुळे पेट्रोल मोजण्याचाही प्रश्न येत नाही, म्हणून हौस तिथेच थांबवावी असे मी नम्रपणे सुचवून पाहिले होते. विमानाला लागणाऱ्या सरकारी परवानग्यांची फाईल हा स्वतंत्र विषय असून ती फाईल सध्या विमानापेक्षा जड आहे. माझी निवड होण्याचे कारण असे की मी नोकरीत इलेक्ट्रॉनिक वजनकाट्यांची सर्किटे करत असे. वजनकाट्यावर गिऱ्हाईक विश्वास ठेवते, दुकानदार ठेवतो, वजनमापे निरीक्षकही बऱ्याच अंशी ठेवतो; अशा सुखाच्या धंद्यातून मी या धंद्यात आलो.

या क्षेत्रातला आदर्श फार जुना आहे. पायपर कब या प्रसिद्ध छोट्या विमानात टाकी वैमानिकाच्या काचेपुढेच असे. तिच्यात एक बूच तरंगत असे आणि त्याला जोडलेली तार टाकीच्या झाकणातून वर डोकावत असे. पेट्रोल संपत जाई तशी तार खाली जाई. त्याला वीज लागत नसे, सॉफ्टवेअर लागत नसे आणि साडूही लागत नसे. दुर्दैवाने आमच्या विमानाच्या टाक्या पंखांत आहेत, म्हणजे वैमानिकाच्या डोक्यावर, आणि डोक्यावरच्या झाकणातली तार पाहायला मान जितकी मागे वळवावी लागते तितकी मान साडूभाऊंची वळत नाही.

मोटारीतला फ्लोट, म्हणजे टाकीत तरंगणारा मापक, आम्ही पाहिला. त्यात एक दांडी वरखाली होते आणि तिच्याबरोबर विद्युत रोध बदलतो. टाकी रिकामी असताना २४० ओहम आणि भरलेली असताना ३३ ओहम, असा अमेरिकी गाड्यांचा एक रूढ हिशेब आहे. परंतु आमच्या पंखातली टाकी उथळ आणि रुंद असल्यामुळे दांडीला हलायला जागाच नव्हती. तो फ्लोट आता शेडच्या खिडकीची कडी म्हणून उत्तम काम करतो.

मग धारकतेवर, म्हणजे विद्युतभार साठवण्याच्या क्षमतेवर, चालणारा प्रोब (टाकीत बुडवायचा मोजणारा भाग) करायचे ठरले. एकात एक बसणाऱ्या, परंतु एकमेकींना न टेकणाऱ्या दोन ॲल्युमिनियमच्या नळ्या टाकीत ठेवायच्या आणि त्यांच्यामधली धारकता मोजायची. नळ्यांमधल्या पदार्थामुळे धारकता किती पट होते ते सांगणारा आकडा म्हणजे डायइलेक्ट्रिक स्थिरांक; हवेचा तो १ आणि पेट्रोलचा साधारण २, म्हणून नळ्या पूर्ण बुडाल्या की धारकता दुप्पट होते, अर्ध्या बुडाल्या की दीडपट. हलणारा भाग एकही नाही. कागदावर ही युक्ती इतकी सुंदर दिसते की ती मी रात्री उशिरापर्यंत कागदावरच पाहत बसलो. सर्किटाचे भाग तापकीर गल्लीत मिळाले. नळ्यांसाठी बोहरी आळीत गेलो, तेव्हा दुकानदाराने पडद्याचा रॉड किती खिडक्यांसाठी हवा असे विचारले. विमानाच्या टाकीत घालायचा आहे, हे उत्तर दिल्यावर त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि मग गंज न धरणारा दाखवला.

इथवर सर्व शास्त्राप्रमाणे चालले होते, परंतु पुढे ऊस आडवा आला. पंपावर आता मिळते ते पेट्रोल २० टक्के इथेनॉल मिसळलेले असते. इथेनॉलचा तो स्थिरांक २४ च्या आसपास आणि पाण्याचा ८०, त्यामुळे मिश्रणाचा आकडा दोनाच्या बराच वर जातो. समजा तो चार झाला, तर निव्वळ पेट्रोलवर जुळवलेला मापक टाकी एक तृतीयांश भरलेली असतानाच ती काठोकाठ भरल्याचे आनंदाने जाहीर करतो. मापकाने खोटेच बोलायचे असेल तर कमी दाखवावे, म्हणजे माणूस लवकर उतरतो. हा मात्र जास्त दाखवून माणसाला वरच ठेवतो आणि मग एकदम सोडून देतो. त्यातून इथेनॉल हवेतली ओल ओढून घेते, आणि पुण्याच्या पावसाळ्यात हवेत दुसरे काही नसतेच. पश्चिम महाराष्ट्रातल्या उसाने आजवर कारखाने चालवले, सोसायट्या चालवल्या आणि निवडणुका चालवल्या; आता तो माझा काटाही चालवू लागला. साडूभाऊंच्या रोटॅक्स ९१२ इंजिनाचे निर्माते इथेनॉल १० टक्क्यांपर्यंतच मान्य करतात, हे मी त्यांच्या निदर्शनास आणून दिले, तेव्हा ते इंजिनाचे आम्ही बघू, तुम्ही काट्याचे बघा, असे म्हणाले. काट्यावर उपाय आहे, आणि मोठ्या प्रवासी विमानांत तो पूर्वीपासून वापरतात: टाकीच्या तळाशी, सदैव बुडालेला राहील असा एक छोटा दुसरा प्रोब बसवायचा, त्याने फक्त आजचे इंधन कोणत्या स्वभावाचे आहे एवढेच सांगायचे, आणि पहिल्याने त्या मानाने हिशेब करायचा. म्हणजे एका अविश्वसनीय उपकरणाची साक्ष काढण्यासाठी मी दुसरे अविश्वसनीय उपकरण तयार केले.

याच सुमारास मेव्हणीने शेडमध्ये चहा आणला आणि टाकीत शिरणाऱ्या वायरींकडे पाहून, पेट्रोलमध्ये तुम्ही दोघे वीज सोडणार का, असे विचारले. प्रश्न अगदी योग्य होता. १७ जुलै १९९६ रोजी न्यूयॉर्कहून निघालेल्या टीडब्ल्यूए ८०० या बोइंग ७४७ विमानाच्या मधल्या टाकीत स्फोट होऊन २३० माणसे गेली, आणि टाकीबाहेर शॉर्टसर्किट होऊन इंधनमापकाच्याच वायरीतून जास्त दाबाची वीज आत गेली असावी, ही चौकशीत सर्वाधिक संभाव्य ठरलेली शक्यता होती. पेट्रोलच्या वाफेला पेटायला एक मिलिज्यूल, म्हणजे ज्यूलचा हजारावा भाग, एवढी ऊर्जाही लागत नाही. म्हणून आमचे सर्व सर्किट टाकीच्या बाहेर आहे, आत जाणाऱ्या वायरींत प्रवाह रोखणारे रेझिस्टर आहेत आणि इतर कोणतीही वायर त्यांच्या शेजारून जात नाही. मेव्हणीला हे सर्व पटले. तरीही त्या दिवसापासून चहा शेडच्या दारापर्यंतच येतो.

साडूभाऊंना एवढ्याने समाधान नव्हते. त्यांना इंजिन किती पिते तेही हवे होते. म्हणून त्यांनी पाण्याच्या फिल्टरला लावतात तसा स्वस्त प्रवाहमापक मागवला. तो मिनिटाला एक लिटरपासून पुढे मोजतो. हे इंजिन ताशी साधारण १८ लिटर, म्हणजे मिनिटाला ३०० मिलिलिटर पिते, तेव्हा त्या मापकाच्या मते इंजिन बंदच असते. विमानासाठीचा खरा प्रवाहमापक वेगळा असतो. त्यातल्या चिमुकल्या चक्राच्या पात्या इन्फ्रारेड किरण तोडतात, त्याचे एका अमेरिकी गॅलनला सुमारे ६८,००० ठोके पडतात, आणि चक्र अडकले तरी पेट्रोल वाहत राहते. तो आणला. परंतु या इंजिनाकडे जाणारे थोडे पेट्रोल, नळीत वाफ अडकू नये म्हणून, परतीच्या नळीने टाकीत येते. किराणा दुकानदाराने गिऱ्हाइकाने परत केलेला मालही विक्रीत धरावा, तसा आमचा मापक परत आलेले पेट्रोलही प्यालेलेच धरत होता. आता परतीच्या नळीवर दुसरा मापक बसवून वजाबाकी चालते. माझे स्पष्ट मत असे आहे की हा सर्व प्रकार भाबडा आहे, कारण निघताना टाकीत किती होते हे त्याला वैमानिकच सांगतो, आणि मधल्या मध्ये झाकणातून गळती झाली तर याला पत्ताच लागत नाही. साडूभाऊंना मात्र त्यावरचे दशांश चिन्हानंतरचे आकडे फार आवडतात.

अखेर काटा जुळवण्याचा दिवस आला. टाकीत एकेक लिटर घालायचे, पंख हलायचा थांबेपर्यंत थांबायचे आणि आकडा लिहायचा. पंपावर सुटे पेट्रोल कॅनमध्ये द्यायला तयार होईनात, आणि कशासाठी हवे या प्रश्नाला विमानासाठी असे खरे उत्तर दिल्यावर तर अजिबात तयार होईनात. पंपाचे मालक स्वतः शेड पाहून गेले, तेव्हा कॅन भरला. कॅन आणि पंख वायरने जोडले, नरसाळे धातूचे घेतले, वाळूच्या बादल्या मांडल्या आणि सगळ्यांचे मोबाईल रस्त्यापलीकडच्या रसवंतीत ठेवले. लिटरच का, गॅलन का नाही, यावर साडूभाऊंनी जमलेल्या पुतण्या-भाच्यांना एअर कॅनडाच्या बोइंग ७६७ ची गोष्ट सांगितली. २३ जुलै १९८३ रोजी त्या विमानाचे इंधनमापक बंद होते, म्हणून पट्टीने मोजले, आणि २२,३०० किलोऐवजी २२,३०० पौंड धरून विमान उडाले. मग दोन्ही इंजिने बंद पडल्यावर ते गिमलीच्या जुन्या धावपट्टीवर ग्लायडरसारखे उतरवले. मी म्हटले, पाहा, हडपसरचे शिक्षण कुठे उपयोगी पडते.

पंख टोकाकडे किंचित उचललेले असतात, त्यामुळे पेट्रोल मुळाकडे गोळा होते, प्रोबही तिथेच. परिणामी शेवटचे काही लिटर टोकाच्या बाजूला जातात आणि काटा मात्र पूर्ण भरल्याचे सांगून स्वस्थ बसतो. उड्डाणातही तो बराच वेळ पूर्णच दाखवणार आणि मग भराभर उतरणार. हा दोष सर्किटाचा नसून भूमितीचा आहे, हे मी फळ्यावर आकृती काढून सिद्ध केले. उड्डाणातले हिसके तपासण्यासाठी पुतण्यांनी पंख धरून डोलवला, आणि काटा नाचू नये म्हणून मी सॉफ्टवेअरमध्ये सरासरी काढली. शिवाय शेवटच्या पाच लिटरांना एक वेगळाच फ्लोट तांबडा दिवा लावतो; त्याचा माझ्या काट्याशी काहीही संबंध नाही, आणि साडूभाऊंना माझ्या कामातला तोच भाग सर्वांत जास्त आवडला.

या जुळवणीत लिटरमागे एक आकडा लिहिला जात असताना साडूभाऊ दुसऱ्या बाजूने, मला न सांगता, टाकीत एक लाकडी पट्टी बुडवत होते आणि जिथवर ओली होईल तिथे चाकूने खूण करत होते. संध्याकाळी त्यांच्या हातात संपूर्ण टाकीची अचूक काठी तयार होती. तिला त्यांनी वॉर्निश केले आहे. तिच्यासाठी आसनाशेजारी चामड्याची पिशवीही शिवली आहे. माझा डिस्प्ले अजून दोन स्क्रूंवर लटकतो आहे.

उजवी टाकी अद्याप राहिली आहे. परवान्याशिवाय ३० लिटरपर्यंतच पेट्रोल जवळ बाळगता येते असे साडूभाऊ कायदा दाखवून सांगतात, आणि डावीतच २८ लिटर आहे. ते नातेवाइकांच्या स्कूटरांत जिरल्याखेरीज उजवीत थेंबही टाकता येणार नाही. दोन्ही टाक्या एकाच आराखड्यावरून केलेल्या असल्या तरी हाताने वाकवलेल्या आहेत, त्यामुळे डावीचे आकडे उजवीला लागू पडत नाहीत. तेच आकडे घालून पाहिले, तर आजवर पेट्रोलचा वासही न लागलेल्या त्या टाकीत काटा पाऊण लिटर दाखवतो. साडूभाऊंनी तिच्यातही काठी घालून खात्री करून घेतली.