पॉझिटिव्ह व्हा हो, लोकांना त्रास होतोय

तुमची नोकरी गेलीये, किंवा आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालंय, किंवा पोराला बारावीत हवे तेवढे मार्क पडले नाहीत, काहीही असो, पहिली गोष्ट डोक्यात फिट करून घ्या. हा तुमचा प्रॉब्लेम नाहीच. प्रॉब्लेम तुमचा चेहरा आहे. तो तसा पडलेला घेऊन तुम्ही लिफ्टमध्ये शिरता, समोरचा बिचारा सवयीने "काय, मजेत?" म्हणतो, आणि तुम्ही चक्क खरं उत्तर द्यायला लागता. शोभतं का हे? सातवा मजला येईपर्यंत त्या माणसाने करायचं काय, नजर कुठे ठेवायची?

मी हे अधिकाराने सांगतोय कारण मार्चपासून मी स्वतः या क्षेत्रात उतरलोय. वय ४६, एकाच कंपनीत १९ वर्षं, आणि एका गुरुवारी दुपारी लॅपटॉपवर अकरा मिनिटांचा कॉल. काढलं असं कोणी म्हणालंच नाही, फार गोड माणसं. "तुमच्या नव्या प्रवासाला शुभेच्छा" म्हणाले. संध्याकाळी बायकोला सांगितलं की अगं माझा प्रवास सुरू झालाय, तर ती कुकर लावता लावता म्हणाली, "परत पुणे ब्रांच का?"

याच कंपनीने महिनाभर आधी आम्हाला कर्जतकडच्या एका रिसॉर्टवर नेऊन दोन दिवस बदलाला सामोरं जायला शिकवलं होतं, तेव्हा कळायला हवं होतं खरं तर. फुगे फोडायला लावले, एकमेकांच्या पाठीवर कागद चिकटवून चांगले गुण लिहायला लावले (माझ्या पाठीवर तिघांनी 'वक्तशीर' लिहिलं आणि एकाने 'भेंडी छान आणतो'). मग ट्रेनरसाहेबांनी ते सुप्रसिद्ध चिनी ज्ञान दिलं, की चिनी भाषेत संकट हा शब्द दोन चिन्हांनी लिहितात, एक म्हणजे धोका आणि दुसरं म्हणजे संधी. टाळ्या. हे वाक्य अमेरिकेच्या केनेडीसाहेबांनी १९५९ मध्ये भाषणात वापरलं होतं, तेव्हापासून ते रिसॉर्टरिसॉर्टवर फिरतंय. चिनी येणारी माणसं घसा फोडून सांगतायत की बाबांनो, त्या दुसऱ्या चिन्हाचा तिथे अर्थ संधी असा होत नाही, आता पुढे काहीही होऊ शकतं अशी नाजूक वेळ, असा काहीसा होतो. म्हणजे धोका, आणि वर नाजूक वेळ. पण त्यांचं ऐकू नका. चिनी येत असेल त्यांना, पण ॲटिट्यूड बघा ना.

आता मुख्य धड्याकडे येऊ, तो म्हणजे गरुड.

तुमच्यावर संकट आलं की साधारण दीड तासाच्या आत तुम्हाला गरुड पाठवला जाईल. माझी बातमी फॅमिली ग्रुपवर मी टाकली नव्हती, सासूबाईंनी "सगळ्यांनी स्वामींना प्रार्थना करा" असं लिहून टाकली, त्यामुळे आधी अर्ध्या लोकांना वाटलं मी ॲडमिट आहे. खुलासा झाल्यावर धाकट्या साडूने गरुड सोडला. माहीत असेलच, तरी सांगतो. गरुड म्हणे ७० वर्षं जगतो, पण चाळिशीत त्याची चोच वाकते, नखं निकामी होतात, पंख जड होतात. मग तो उंच डोंगरावर जातो, खडकावर आपटून आपटून स्वतःची चोच तोडतो, नवी यायची वाट बघतो, नव्या चोचीने नखं उपटतो, नव्या नखांनी पिसं उपटतो, असे १५० दिवस काढतो आणि मग नव्या दमाने आणखी ३० वर्षं आकाशात. खाली सूर्योदय, त्याखाली "निर्णय तुमचा".

मी तेव्हा नवीन होतो, चूक केली. उत्तर लिहिलं. लिहिलं की रानातला गरुड तीस वर्षांचा झाला म्हणजे तोच म्हातारा, सत्तरी कुठली काढतोय. चोच आतल्या हाडावर बसलेली असते, ती मुळापासून तुटली तर परत येत नाही, आणि चोच नसलेला गरुड पाच महिने उपाशी बसला तर त्याचं रूपांतर फक्त गिधाडांच्या जेवणात होतं. पिसं तर दरवर्षी आपोआपच थोडी थोडी गळून नवी येतात, उपटायला डोंगरावर कशाला जायला पाहिजे.

ग्रुपवर एकदम शांतता. चाळीस मिनिटांनी साडू म्हणाला, "दादा, मुद्दा गरुड नाहीये." मग मेव्हणीने लिहिलं, जिजू तुम्ही फार निगेटिव्ह झालायत हां हल्ली. हल्ली म्हणजे दुपारपासून.

तेव्हा माझ्यासारखं करू नका. गरुड आला की नमस्कार टाका आणि चोच आपटायला खडक शोधा. मी ४६ चा, म्हणजे आधीच सहा वर्षं लेट आहे. फक्त आपटण्याआधी मेडिक्लेम बघून घ्या, माझा कंपनीचा होता, तोही माझ्याच प्रवासाला निघालाय.

रोज सकाळी गुड मॉर्निंगही येतील, गुलाब, चहाचा कप, वाफेचं बदाम. २०१८ च्या सुरुवातीला बातमी आली होती की भारतातले फोन सारखे भरून का बंद पडतात हे गुगलवाल्यांनी शोधलं तर हेच गुड मॉर्निंगचे फोटो सापडले. आपल्या देशात मेमरी संपेल, सद्भावना संपणार नाही. मी आता ग्रुपवरचा प्रत्येक गुलाब डाउनलोड करतो, बायोडाटा ठेवायला जागा उरली नाही तरी चालेल.

सवयींचं म्हणाल तर २१ दिवस. कोणतीही सवय २१ दिवसांत लागते हे तुम्ही ऐकलंच असेल. हे आलं कुठून, तर मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाचे एक अमेरिकन प्लास्टिक सर्जन होते, त्यांनी १९६० मध्ये लिहिलं की ऑपरेशननंतर पेशंटला आपल्या नव्या तोंडाची सवय व्हायला कमीत कमी २१ दिवस लागतात. कमीत कमी, आणि तोंडाची. पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटीत ९६ जणांवर प्रयोग केला तेव्हा सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस आले, कुणाला १८ तर कुणाला २५४ निघाले. पण ६६ दिवसांच्या चॅलेंजला फी कोण भरणार? तुम्ही २१ च धरा आणि बाविसाव्या दिवशी उठवलं नाही तर दोष स्वतःला द्या, एवढी तर जबाबदारी घेता आली पाहिजे.

पहाटे उठणं मात्र मस्ट. पाचला उठणारा माणूस यशस्वी होतोच. आमच्या बिल्डिंगला दूध टाकणारा साडेतीनला उठतो, पेपरवाला चारला, आणि आमच्या स्वयंपाकाच्या ताई साडेचारला उठून घरचे डबे करून टिटवाळ्याहून येतात. त्यांना विचारलं मी, ताई एवढ्या लवकर उठता, यशाचं रहस्य काय? म्हणाल्या, "दादा, पाणी पाचलाच येतं."

मग डोळे मिटून व्हिज्युअलाइझ करायचं. नवं ऑफिस, नवी केबिन, खिडकीतून खाडी दिसतीये वगैरे. जर्मनीत एका बाईंनी, गॅब्रिएल ओटिंगेन त्यांचं नाव, कॉलेजातून बाहेर पडणाऱ्या पोरांना विचारून ठेवलं होतं की नोकरी लागल्याची गोड गोड स्वप्नं किती बघता, आणि दोन वर्षांनी परत गाठलं, तर जास्त स्वप्नं बघणाऱ्यांनी अर्ज कमी केले होते, त्यांना ऑफर कमी आल्या होत्या आणि पगारही कमी होता. पण आनंद? तो मोजला का कुणी? मी तर केबिनमध्ये एसीचं टेंपरेचरपण ठरवून टाकलंय.

कृतज्ञतेची वहीसुद्धा घातली मी, पोराच्या जुन्या सायन्सच्या वहीची कोरी पानं होती त्यात. पहिला दिवस: आता आठ बाराची लोकल पकडायची नाही, चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकवून घाटकोपरपर्यंत लटकायचं नाही, कृतज्ञ आहे. चौथा दिवस: बायको काही बोलली नाही, कृतज्ञ आहे. सातवा दिवस: बायको काहीच बोलत नाहीये. नववा: बँकेचा हप्त्याचा मेसेज आला, निदान कुणी आठवण तरी काढतं. अकराव्याला फक्त तारीख आहे आणि खाली श्वसनसंस्थेची आकृती, ती आधीचीच.

आणि संतांचा आधार घ्यायला विसरू नका. समाधानाचं काही वाटायचं असेल तर आपल्याकडे हमखास तुकोबांना पुढे करतात, मागे ढग, पुढे वीणा. आता तुकोबांनी १६३० च्या दुष्काळात दुकान बुडालं, दिवाळं निघालं, पहिली बायको अन्नान्न करत गेली, हे सगळं अभंगात सरळ लिहून ठेवलंय, लाज सोडून, आणि विठोबाशी तर असे भांडलेत की आमच्या सोसायटीच्या एजीएममध्ये कुणी भांडत नाही. पण ते अभंग स्टेटसला कोण ठेवणार. आज असते तर ॲडमिनने "कृपया ग्रुपवर सकारात्मकच पोस्ट टाकाव्यात" म्हणून त्यांना काढलं असतं, आणि पाच मिनिटांनी त्यांचाच सुविचार टाकला असता.

एवढं सगळं नीट पाळलंत तर तीन आठवड्यांत लिफ्टमधल्या लोकांना तुमचा काही त्रास होणार नाही. माझा तर अठरा दिवसांचा स्ट्रिक झाला होता, साडूनेही अंगठा दिला होता. मग घात झाला. म्हणून शेवटचा इशारा, काही माणसांपासून लांब राहा.

आमचा एक शाळेतला मित्र आहे, कराडला ट्रॅक्टरचे स्पेअर पार्ट विकतो. त्याला कुठूनतरी कळलं, भर दुपारी फोन. मी नियमाप्रमाणे सुरू केलं, अरे मस्त चाललंय, नवीन सुरुवात, स्वतःसाठी वेळ मिळतोय.

"गप ए," म्हणाला. "हप्ता किती बसतो?"

एकोणचाळीस हजार.

"किती महिने निघत्याल?"

म्हटलं, चार. ओढून ताणून पाच.

"बरं," म्हणाला, आणि मग दोन मिनिटं त्याने माझ्या कंपनीला ज्या काही शिव्या दिल्या त्या मी वहीत लिहिलेल्या नाहीत. मग एकदम हळू आवाजात, "जेवलास का?" आणि या असल्या फालतू प्रश्नावर, गरुड पचवलेला माणूस मी, बाथरूममध्ये जाऊन कडी लावून ढसाढसा रडलो. त्याने एकदाही म्हटलं नाही की रडू नको, होतं ते चांगल्यासाठीच होतं, काहीच नाही. "रड की. गिऱ्हाईक हाय हितं, थांबतंय ते," एवढंच.

गेला स्ट्रिक. असला माणूस, याच्याकडे एक सुविचार नाही, चिनी येत नाही, आणि वर दर रविवारी फोन करून विचारतो, कुणाकुणाला बायोडाटा पाठवलास ते सांग, नावं सांग. याच्या नादाने आत्तापर्यंत ३४ ठिकाणी अर्ज गेलेत, व्हिज्युअलायझेशनला वेळच मिळत नाही.

बघा, आलाच त्याचा. तुम्ही डोळे मिटा, श्वास आत घ्या आणि चेहरा हसरा ठेवा. सोडायचा कधी ते फोन झाला की सांगतो.