न्यूझीलंडच्या मोटरहोम सहलीवरील दोन-तारा रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार,

तुमचा रिव्ह्यू मी दोनदा वाचला, दुसऱ्यांदा तुमच्या सहलीचा आराखडा समोर ठेवून. तुमची नाराजी थोडक्यात अशी आहे: मोटरहोमच्या, म्हणजे राहायची-झोपायची सोय असलेल्या गाडीच्या, साडेतीन आठवड्यांच्या सहलीत आम्ही दिवसाला जेमतेम दीडशे-दोनशे किलोमीटर ठेवले, तीन दिवस चक्क रिकामे सोडले, त्यातला ‘ते आनाऊ’ या गावातला दिवस पावसात वाया गेला, फुकट मुक्कामाची मुभा असलेल्या देशात दर तिसऱ्या रात्री पैसे भरून हॉलिडे पार्कमध्ये (वीज-पाण्याची सोय असलेल्या गाडीतळावर) राहायला लावलं, वानाकाला जाताना लांबचा रस्ता दिला आणि गाडी परत करताना डिझेलचा कर भरावा लागला. दुसऱ्या एका नियोजकाने तुमच्या मित्राला याच दोन बेटांचा कार्यक्रम दोन आठवड्यांत बसवून दिला होता, हेही तुम्ही लिहिलं आहे.

हा आराखडा मी स्वतः आखला आहे आणि आजही तो असाच आखीन. त्यामागची कारणं इथे सविस्तर लिहितो, कारण अशीच सहल ठरवणारे इतर लोकही हे वाचतील.

आधी किलोमीटर. फ्रान्झ जोसेफ ते वानाका हे अंतर साधारण २८५ किलोमीटर. फोनवरचा नकाशा चार तासांच्या आसपास वेळ दाखवतो, पण तो कारचा वेळ आहे. तुमच्याकडे सहा जणांची गाडी होती. साडेतीन टनांहून जड गाडीला खुल्या रस्त्यावर ताशी ९०ची मर्यादा आहे, आणि वळणावळणाच्या घाटात ९०देखील गाठता येत नाही. पश्चिम किनाऱ्यावर एकपदरी पूल जागोजागी येतात. समोरून येणाऱ्याला जाऊ द्यायचं असेल तर थांबायचं, मागे गाड्यांची रांग लागली की जागा बघून बाजूला घ्यायची आणि त्यांना पुढे सोडायचं. तिथे हे सौजन्य अपेक्षित आहे आणि ते योग्यही आहे. त्यात हास्टची खिंड, धबधब्यांचे थांबे, मधलं जेवण. मुक्कामी पोहोचल्यावरही काम संपत नाही: गाडी समपातळीत लावायची, वीज जोडायची, पलंग मांडायचे. नकाशावरचे चार तास प्रत्यक्षात आख्खा दिवस खातात. तुमच्याबरोबर सत्तरीचे आई-वडील होते आणि गाडी चालवणारे तुम्ही एकटेच होता. अंतर ठरवताना मी आधी हेच पाहिलं.

आता ते आनाऊ. या मुद्द्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे, कारण तुम्ही ज्याला वाया गेलेला दिवस म्हणता तो माझ्या दृष्टीने तुमच्या आराखड्यातला सगळ्यात मोलाचा दिवस होता.

मिलफर्ड साउंड म्हणजे डोंगरांत घुसलेला समुद्राचा फाटा. तिथे वर्षाला सहा मीटरहून जास्त पाऊस पडतो. जायला रस्ता एकच, ते आनाऊहून निघणारा, सुमारे १२० किलोमीटरचा. शेवटी होमर बोगदा लागतो. १९५४ साली सुरू झालेला हा बोगदा सव्वा किलोमीटरच्या आतबाहेर लांब आहे, अरुंद आहे आणि मिलफर्डच्या बाजूला तीव्र उताराचा आहे. उन्हाळ्यात दिवसा तिथे सिग्नल लावून एका वेळी एकाच बाजूची वाहनं सोडतात. मे ते नोव्हेंबर या काळात हिमस्खलनाचा धोका असतो आणि बर्फासाठी चाकांना लावायच्या साखळ्या जवळ ठेवाव्या लागतात. मुसळधार पावसात दरड येते, झाडं पडतात आणि रस्ता बंद होतो. तो कधी बंद होईल हे महिनाभर आधी कुणालाच सांगता येत नाही.

क्वीन्सटाउनहून एका दिवसात मिलफर्ड करून परत यायचं, असा तुमचा मूळ बेत होता. जाऊन-येऊन साधारण ५८० किलोमीटर. त्या बेतात रस्ता बंद झाला असता तर मिलफर्ड हुकलंच असतं, कारण पुढच्या सकाळी तुम्हाला दुसरीकडे निघायचं होतं. आम्ही ते आनाऊला एक दिवस मोकळा ठेवला आणि पुढची रात्र मिलफर्डच्या वाटेवरच्या कॅस्केड क्रीकला, संवर्धन विभागाच्या कॅम्पसाइटवर दिली. रस्ता बंद होता त्या दिवशी तुम्ही तळ्याकाठी थांबलात. तो उघडल्यावर कॅस्केड क्रीकला गेलात, आणि दुसऱ्या सकाळी क्वीन्सटाउनच्या बसगाड्या पोहोचायच्या आत मिलफर्डच्या बोटीत होतात. तुमच्याच रिव्ह्यूत शेवटी लिहिलं आहे की त्या सकाळी आईच्या डोळ्यांत पाणी आलं. हे वाचून मला मनापासून समाधान वाटलं. मोकळा दिवस नसता तर ती सकाळ मिळाली नसती.

उरलेले दोन रिकामे दिवसही अशाच जागी होते. एक वेलिंग्टनला, दोन बेटांमधल्या फेरीबोटीच्या आदल्या दिवशी. वेलिंग्टन ते पिक्टन ही बोट साडेतीन तासांच्या आसपास घेते, पण कुकची सामुद्रधुनी खवळली की फेरी रद्द होते. बोटीवर मोटरहोमचं भाडं गाडीच्या लांबीवर असतं आणि ऐन हंगामात एवढ्या लांबीची जागा आयत्या वेळी मिळणं अवघड. त्याच सकाळी धावतपळत बंदर गाठणं म्हणजे पुढचं सगळं बुकिंग पणाला लावणं. दुसरा मोकळा दिवस आओराकी माउंट कुकपाशी. ३,७२४ मीटरचं हे शिखर ढगांत गेलं की दिवसभर दिसत नाही, आणि तिथवर पुकाकी तळ्याच्या काठाने जाणाऱ्या रस्त्याने पुन्हा तसंच परत यावं लागतं. एकच रात्र ठेवली असती तर सगळं नशिबावर.

या देशात रस्ता बंद पडणं हा अपवाद समजून चालत नाही. नोव्हेंबर २०१६च्या कायकोरा भूकंपानंतर तिथला किनाऱ्याचा महामार्ग जवळपास १३ महिने बंद होता. मार्च २०१९मध्ये फ्रान्झ जोसेफजवळचा वायहो नदीवरचा पूल पुरात वाहून गेला. नवीन पूल अवघ्या १८ दिवसांत उभा राहिला, पण तेवढे दिवस शेजारच्या गावी जायलादेखील तिथल्या सदर्न आल्प्स पर्वतरांगेच्या पलीकडून वळसा पडत होता. तुमच्या मित्राला मिळालेल्या दोन आठवड्यांच्या कार्यक्रमात दोन्ही बेटं होती आणि एकही मोकळा दिवस नव्हता. तो पार पडला याचा मला आनंद आहे. पण तसा कार्यक्रम मी कुणालाही आखून देणार नाही, पैसे दुप्पट मिळाले तरी नाही.

फुकट मुक्कामाबद्दल बराच गैरसमज आहे. न्यूझीलंडमध्ये २०११च्या कायद्याने फ्रीडम कॅम्पिंगला परवानगी आहे, पण जागा स्थानिक परिषद ठरवते, आणि फलक असेल तिथे तो पाळायचा असतो. २०२३ साली हा कायदा कडक झाला. गाडीत जागेवर पक्कं बसवलेलं शौचालय हवं, उचलून ठेवायचं चालत नाही, आणि गाडीवर तसं प्रमाणपत्र लागतं. तुमच्या गाडीला ते होतं, म्हणूनच आम्ही बऱ्याच रात्री अशा जागी दिल्या. मग दर तिसरी रात्र हॉलिडे पार्कमध्ये का? कारण प्रमाणपत्राचा निकषच असा आहे की साधारण तीन दिवस पुरेल इतकं पाणी आणि तेवढं सांडपाणी साठवण्याची सोय गाडीत असावी. तुम्ही सहा जण, त्यात दोन मुलं. तिसऱ्या दिवशी टाकी तळ गाठते, शौचालयाची कॅसेट (मैल्याची टाकी) भरते, गाडीतली बॅटरी उतरते. वीज जोडलेली नसेल तर केटल आणि हेअर ड्रायर चालत नाहीत. डम्प स्टेशन (टाक्या रिकाम्या करायची जागा), पाणी, मुबलक गरम पाण्याची आंघोळ आणि कपडे धुण्याची सोय एका जागी मिळावी म्हणून त्या रात्री होत्या. आजारी न पडता सहा माणसं साडेतीन आठवडे एका गाडीत राहिली, त्यात या रात्रींचा मोठा वाटा आहे असं माझं ठाम मत आहे.

क्वीन्सटाउन-वानाकाचा जवळचा रस्ता क्राउन रेंजवरून जातो. तो हजार मीटरहून वर चढतो आणि चढ-वळणं अवघड आहेत. मोठ्या मोटरहोमने, तीही सवय नसताना, तिथे जाऊ नये. क्रॉमवेलवरून पन्नासेक किलोमीटर जास्त पडतात, पण रस्ता निवांत आहे.

डिझेलच्या कराचं असं आहे की तिथे डिझेलवर रस्त्याचा कर पंपावर घेतला जात नाही, धावलेल्या किलोमीटरवर घेतात. भाड्याच्या गाडीचा हिशेब परत करताना होतो. आम्ही दिलेल्या खर्चाच्या तक्त्यात ही रक्कम अंदाजे अंतरासकट वेगळ्या ओळीत आहे. ती ओळ तुम्हाला आज पुन्हा ईमेलने पाठवली आहे.

तुम्ही शेवटी विचारलं आहे की पुढच्या वर्षी भाऊ दोन आठवड्यांसाठी जाणार आहे, तर त्याला काय सांगावं. कृपया एवढं सांगा: फक्त दक्षिण बेट घ्या. ख्राइस्टचर्चला गाडी घेऊन तिथेच परत करा, म्हणजे फेरीचा खर्च आणि ताण दोन्ही नाही. दोघं-तिघंच असतील तर लहान गाडी घ्या, ती चालवायला सोपी जाते. नाताळ ते जानेवारी तिथल्या शाळांना सुट्टी असते आणि गाडी, कॅम्पसाइट सगळंच आधी भरतं, म्हणून फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा बघा. परवाना इंग्रजीत नसेल तर आंतरराष्ट्रीय परवाना किंवा मान्यताप्राप्त भाषांतर आणि त्यासोबत मूळ परवाना, दोन्ही गाडीत हवेत. आणि मिलफर्डसाठी ते आनाऊला एक दिवस मोकळा ठेवाच. त्यांनी आराखडा आमच्याकडून घेतला नाही तरी चालेल. फोन केला तर रस्ते आणि मुक्काम यांबद्दल मी त्यांच्याशी जरूर बोलेन.