दोन कुलपांचं कपाट

आमच्या गावच्या संस्थेच्या कार्यालयात एक लोखंडी कपाट आहे आणि त्याला दोन कुलपं आहेत. एक जुन्या कार्यकारिणीचं, एक नव्या कार्यकारिणीचं. आत ठराव लिहायचं प्रोसिडिंग बुक, शिक्के आणि पावतीपुस्तकं. डिसेंबरात मी गेले तेव्हा एक किल्ली गावात होती, दुसरी माजी सचिवांबरोबर नाशिकला, त्यांच्या मुलाकडे.

गाव चोपडा तालुक्यातलं, तापीकाठचं. वाचनालय, बालवाडी, शिवणवर्ग आणि जानेवारीतली व्याख्यानमाला असा एकेकाळी संस्थेचा पसारा होता. कोविडनंतर बालवाडी बंद पडली, शिवणयंत्रांवर चादर आली, आणि वाचनालय आता शिपायाला सवड झाली तर उघडतं. व्याख्यानमाला तेवढी चालू आहे, कारण तिच्यात शाल-श्रीफळ असतं.

दिवाळीपासून गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर यावरून जुंपली आहे. एक बाजू म्हणते, पुण्याहून सल्लागार आणा, पाच वर्षांचा स्ट्रॅटेजिक प्लॅन करून घ्या, मग सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक निधीचा, पैसा आपोआप येईल. दुसरी म्हणते, संस्था त्यागावर चालतात, एक्सेलवर नाही; ही साने गुरुजींची कर्मभूमी आहे. मी इंग्लंडमध्ये लेस्टरला राहते, तिथल्या एका छोट्या धर्मादाय संस्थेवर सहा वर्षं विश्वस्त आहे. साहजिकच फर्माईश आली, ‘तुमच्याकडे कसं करतात ते सांगा.’

मी सांगितलं, आणि तिथेच चुकले. चौदा पानी आराखडा पाठवला: ध्येय, बलस्थानं, उणिवा, तिमाही तक्ते. ग्रुपवर बावीस अंगठे आणि सात नमस्कार आले. वाचला तो फक्त आबांनी, आमच्या निवृत्त हेडमास्तरांनी. त्यांचा फोन आला, “तुनं समदं बराबर शे माय, पन करी कोन?”

खरं तर हाच प्रश्न लेस्टरमध्येही होता. तिथली आमची संस्था तीन वर्षांपूर्वी अशीच थंडावली होती. मग एका शनिवारी आम्ही हॉल घेतला, पैसे मोजून सूत्रसंचालक आणली, भिंतीवर पिवळ्या चिठ्ठ्या चिकटवल्या. अख्खी सकाळ ‘सक्षमीकरण’ हा शब्द ठेवायचा की काढायचा यात गेली. दुपारी खजिनदारबाईंनी विचारलं, “उद्यापासून एक पैसाही आला नाही, तर आपण किती महिने तग धरू?” सगळे गप्प. नियोजन त्या गप्पांनंतर नाही, त्या गप्प बसण्यानंतर सुरू झालं. संध्याकाळपर्यंत आम्ही शनिवारचा एक जुना वर्ग बंद केला. तो सुरू करणारे गृहस्थ समोरच बसले होते. ते उठून गेले, पुढे वर्षभर बोलले नाहीत.

इंग्लंडचं कौतुक करायचं तर एवढंच करीन की तिथे झाकून ठेवणं अवघड जातं. आर्थिक वर्ष संपल्यापासून दहा महिन्यांत हिशेब दाखल करावा लागतो, आणि उशीर झाला तर तोही सरकारी नोंदवहीत कोणालाही दिसतो. विश्वस्ताने नऊ वर्षांपेक्षा जास्त राहायचं तर त्याची नीट कारणं तपासावीत, असा तिथला संकेत आहे. कायदा नव्हे, संकेत. तोही सगळे पाळतात असं नाही.

आपल्याकडे कागदांची कमी आहे का? १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याने विश्वस्त बदलले की ९० दिवसांत धर्मादाय आयुक्तालयात बदल अर्ज द्यावा लागतो. आमच्याकडे दोन गटांनी दोन बदल अर्ज दिले. ते प्रलंबित आहेत, म्हणून बँक सह्या बदलत नाही. सही असलेले खजिनदार वारले, म्हणून खात्यातले पैसे निघत नाहीत. प्राप्तिकर सवलतीच्या १२-ए आणि ८०-जी नोंदण्यांचं नूतनीकरण राहिलं. ते नसेल तर २०२१ पासून लागणारी सीएसआर-१ नोंदणी होत नाही, म्हणजे ज्या सीएसआरसाठी सल्लागार आणायचा त्याचं दारच बंद. पुण्याच्या माणसाने कितीही देखणा प्लॅन केला तरी पहिलं पान दोन माणसांच्या भांडणाचंच निघणार.

‘परदेशातल्यांनी पैसे पाठवावेत’ हा ग्रुपवरचा तिसरा सूर. माझ्याकडे भारतीय पासपोर्ट होता तोवर माझ्या बचतीतली देणगी साधी देणगी होती. ब्रिटिश नागरिकत्व घेतलं आणि तोच पैसा, त्याच मुलीचा, ‘परकीय अंशदान’ झाला. संस्थेकडे एफसीआरए नोंदणी, म्हणजे परकीय पैसा घेण्याची परवानगी, नाही, तेव्हा माझ्याकडे द्यायला उरली मतं. ती मी भरपूर दिली, हे वर आलंच आहे.

त्यागवाल्यांनाही एक सांगते. १९३६ साली फैजपूरला काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन भरलं, बांबूंचं टिळकनगर उभं राहिलं, गुरुजी त्यासाठी गावोगाव राबले. आमच्याकडे प्रत्येक भाषणात ते येतं. पण हजारो माणसांचं पाणी, सरपण, संडास यांचा हिशेब कोणीतरी बसून केलाच असणार ना? त्याग करणारी माणसं हिशेबाला कमी लेखत होती, हे आपण कशावरून ठरवलं?

डिसेंबरात एकदा पहाटे सहाला फिरायला निघाले. वाचनालयाच्या ओट्यावर, ट्यूबलाइटखाली, मफलर गुंडाळून नऊ मुलं आणि दोन मुली पुस्तकं घेऊन बसलेल्या. पोलीस भरती, तलाठी, असं काहीबाही. घरी टीव्ही असतो, म्हणून इथे. वाचनालयाला कुलूप, पण शिपाई मुलांसाठी ओट्यावरचा दिवा रात्री मुद्दाम चालू ठेवतो. त्याची ही धोरणात्मक कृती कुठल्याही अहवालात नाही. काय हवं, असं विचारलं तर मुलं म्हणाली प्लगपॉइंट. मुली आधी काही बोलल्या नाहीत. मग एक म्हणाली, “ताई, संडासच्या दाराला कडी नाही. आठ वाजले की आम्ही घरी जातो.”

कार्यकारिणीतल्या कोणालाही ही अकरा जणं माहीत नव्हती. ती वर्गणीदार नाहीत ना!

त्या रात्री आबांच्या अंगणात सात जण जमलो. भरीत आणि कळण्याची भाकरी होती, त्यामुळे दोन्ही गटांचे लोक आले. चौदा पानं मी काढलीच नाहीत. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर आबांनी लिहिलं, ‘आज संस्थेचा उपयोग कोणाला होतो?’ उत्तर ओट्यावर बसलं होतं. मग पुढचं भांडण चांगल्या जातीचं झालं. वर्षभर फक्त अभ्यासिका चालवायची, सकाळी पाच ते रात्री दहा. दोन्ही बदल अर्जांतून तडजोड करून एकच यादी द्यायची. बालवाडी नाही, शिवणवर्ग नाही. आणि व्याख्यानमालाही नाही, असं मी म्हटल्यावर एक काका ताटावरून उठायला निघाले. लेस्टरचे गृहस्थ उठले ते गेलेच. इथे आबांनी काकांचा हात धरला, “बठ रे, भाकर सरू दे.” काका बसले. त्या बसण्याला तिथल्या पिवळ्या चिठ्ठ्यांत काही पर्याय नव्हता.

पण त्याच मुरवतीपायी वीस वर्षं कोणी कोणाला ‘आता पुरे’ म्हणालं नाही, हेही खरं. काका पहिल्या व्याख्यानमालेपासून स्वागताध्यक्ष आहेत.

रात्री साडेअकराला ठरलं, यंदा व्याख्यानमाला नाही. कडी दुसऱ्याच दिवशी बसली, काकांनीच आणली. ठराव मात्र अजून लिहिलेला नाही. प्रोसिडिंग बुक कपाटात आहे.