दलियात ग्लुटेन नसतं म्हणे!

‘लेबनॉनचं तबुले नावाचं सॅलड म्हणजे आपले दडपे पोहेच, अरबांनी पोह्यांच्या जागी दलिया घातला. टोमॅटोही आपलाच. दलियात मैद्यापेक्षा फायबर जास्त. दलिया पीठ नसल्याने त्यात ग्लुटेन नसतं. अस्सल देशी खपलीचा दलिया तर सिलियाकवाल्यांनाही चालतो. अर्धा तास भिजवा, लिंबू पिळा, खा.’ असा एक मेसेज सध्या फिरतोय. एरवी सोडून दिला असता. पण मावशीने तो भाचीला पाठवला, वर ‘बघ गं, तुला चालेल’ असं लिहून. भाचीला सिलियाक आहे, म्हणजे ग्लुटेन अजिबात न चालणारा आजार.

म्हणून आधी तेच. दलिया म्हणजे भरडलेला गहू. ग्लुटेन म्हणजे गव्हातलं प्रथिन, ते दाण्यातच असतं. तो दळा, भरडा नाहीतर उकडा, ते जाणार कुठे? खपली हाही गहूच. त्यातलं ग्लुटेन जरा वेगळं, कणीक कमी ताणली जाते, एवढंच. सिलियाकमध्ये हे ग्लुटेन पोटात गेलं की शरीर स्वतःच्याच लहान आतड्याचं अस्तर खराब करत सुटतं, आणि कधीकधी पोटात साधं दुखतही नाही. यावर औषध नाही, जन्मभराचं पथ्य आहे. आपल्याकडे पाकिटावर ‘ग्लुटेन-फ्री’ छापायचं तर किलोमागे 20 मिलिग्रॅमच्या वर ग्लुटेन चालत नाही. भाचीची आई ज्वारीसुद्धा बाहेरच्या गिरणीत देत नाही, कारण तिथे ती गव्हावर दळली जाते. आणि मेसेज लिहिणारे हे महाशय त्या पोरीला वाटीभर गहूच वाढायला निघालेत!

भिजवून खायची गोष्ट तर ज्याने कधी करून पाहिली नाही त्यानेच लिहिलेली. तबुलेतला बुलगुर हा गहू उकडून, वाळवून मग भरडलेला असतो, म्हणून बारीक बुलगुर नुसता भिजवला तरी मऊ होतो. आपल्या वाण्याकडचा दलिया बहुधा कच्चाच भरडलेला. तो अर्ध्या तासाने दाताखाली कचकचतो.

आता दडपे पोहे. साम्य आहे, नाही म्हणत नाही. पोहेही साळी भिजवून, भाजून, कांडून केलेले, म्हणून ओल्या खोबऱ्याच्या आणि कांद्याच्या ओलाव्यावर न शिजवता मुरतात. पण धान्य आधीच तयार करून ठेवायची युक्ती कोकणात सुचली तशी तिकडेही सुचू शकते. त्यात चोरी कुठली? शिवाय तबुलेत बुलगुर चवीपुरताच, खरा भरणा बारीक चिरलेल्या पार्सलीचा, म्हणजे कोथिंबिरीसारख्या पाल्याचा. त्याची सख्खी भावंडं शोधायची तर टोमॅटोची किंवा मिरचीची पेस्ट घातलेला तुर्कस्तानचा किसिर आणि आर्मेनियन ईच. तिन्हींत बुलगुर. आणि तो प्रदेश तर गव्हाचं माहेर! ‘सायन्स’ नियतकालिकात 1997 साली आलेल्या जनुकीय अभ्यासात आयनकॉर्न या अतिप्राचीन गव्हाचं मूळ आग्नेय तुर्कस्तानातल्या काराजादाग डोंगरांशी जुळलं. ज्या खपलीला ‘अस्सल देशी’ म्हणून मिरवता, तिचा रानटी पूर्वजही पश्चिम आशियातलाच. तेव्हा गहू तिकडून इकडे आला, उलटा नाही.

मेसेजमध्ये टोमॅटोही ‘आपला’ आहे. तो अमेरिका खंडातला. पुढे.

फायबरचं मात्र खरं आहे, मैद्यापेक्षा दलिया केव्हाही बरा. ज्यांना गहू चालतो त्यांनी खुशाल खावा.

भाचीला तबुले हवंच असेल तर वरीचे तांदूळ मोकळे शिजवून गार करावेत, वरी गव्हाची सरमिसळ नसलेली बघून घ्यावी. पार्सली नसली तर कोथिंबीर घालावी. लेबनीज लोक नाक मुरडतील, मुरडू देत. आणि मावशी, तो मेसेज जिथे जिथे टाकलास तिथे ‘सिलियाक असलेल्यांनी दलिया खायचा नाही’ एवढं आजच टाक.